पॉइंट सात

"काय गा खुशाल, यंदा तुझा फॅट किती लागला?"

दूध संकलन केंद्राच्या रांगेतून कोणी ना कोणी हे विचारायचंच. खुशाल टेंभरे हातातल्या काचनळीवरची नजर न हलवता सांगायचा, "पॉइंट सात. तुझ्या म्हशीपरीस कमी, पन तुझ्यापरीस जास्त."

रांग हसायची. मागे कॅन विसळत बसलेली त्याची बायको शामकलाही हसायची. पण तिचं हसू जरा उशिरा यायचं, कारण त्याआधी ती मनातल्या मनात देवाला हात जोडून घ्यायची. हा आकडा दुधातला नव्हता, खुशालच्या रक्तातला होता. त्याच्या रक्तात लिथियम नावाचं औषध किती आहे, ते दर तीन महिन्यांनी तपासून आणावं लागे. पॉइंट सहाच्या खाली उतरलं तर जुना आजार डोकं वर काढणार, एकच्या फार वर चढलं तर औषधच विष होणार. त्या दोन खुणांमधल्या बोटभर पट्टीत शामकलाचा सगळा संसार मावलेला होता.

तिचं माहेर कामठ्याकडचं. दहावी झाली आणि १९९८ च्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती तिरोड्यापासून चार कोसांवरच्या या गावात आली. सासरे चैनलाल टेंभरे धानाचे शेतकरी, बोलायला कडक, पोटात मऊ. सासू रामबाई. नवरा थोरला, त्याच्या पाठचा दीर ओमेश्वर. खुशालने दुग्धविकासाचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला होता आणि गावातलं संकलन केंद्र तोच सांभाळायचा.

नवऱ्यात तिला सगळ्यात आधी काय आवडलं असेल, तर त्याचे हात. फॅट काढायचा म्हणजे आधी नळीत तेजाब घ्यायचं, मग कडेकडेने हळूहळू दूध सोडायचं. घाईने ओतलं तर नळी तापते, उसळते, हातातल्या हातात फुटते. खुशालचं दूध कधी उसळलं नाही. दोन बोटांत नळी धरून तो ते असं सोडायचा, की दुधाचा पांढरा थर तेजाबावर अलगद बसायचा. "हात हालला की फॅट खोटा," असं तो म्हणायचा.

ते हात २००० सालच्या दिवाळीनंतर पहिल्यांदा हलले. त्या वर्षी खुशाल आठ दिवस झोपलाच नाही. बोलणं थांबेना, एका गोष्टीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. केंद्रावरचं दूध त्याने गावातल्या पोराबाळांना फुकट वाटून टाकलं. गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडारीचं नाटक रंगात आलं असताना मंचावर चढला, माईक हिसकावला आणि जाहीर केलं, "येत्या संक्रांतीले मी अथी दुधाचा कारखाना टाकून राहिलो! नळाले पानी नाई, दूध येईल!" लोक पोट धरून हसले. चैनलाल खाली मान घालून उठले आणि पोराला हाताला धरून घरी घेऊन आले. त्यानंतर दोन महिने खुशाल भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. कडेवर वर्षाची लेक प्रेरणा घेऊन शामकला त्याला घास भरवायची आणि तो घास तोंडातच राहायचा.

देवऋषी झाले, धागेदोरे झाले. शेवटी ओमेश्वरने नागपूरच्या मनोविकार डॉक्टरांचं नाव काढून आणलं. डॉक्टर वयस्क होते, समजावून सांगणारे होते. त्यांनी खुशालला आणि शामकलाला समोर बसवून सांगितलं, "या गोळ्या चांगल्या आहेत, पण लहरी आहेत. लिथियम हे एक प्रकारचं मीठच समजा. अंगातलं आपलं रोजचं मीठ कमी पडलं, की मूत्रपिंड याला धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. मग ते रक्तात साचतं. म्हणून जेवणातलं मीठ कधी तोडायचं नाही. पाणी भरपूर. अंगदुखीची गोळी दुकानातून आणून खायची नाही. उलट्या, जुलाब, हात थरथरणं, तोल जाणं, यातलं काही झालं तर गोळी थांबवायची आणि तडक इकडे यायचं. रक्त तपासणी चुकवायची नाही."

शामकलाने सगळं पाठ केलं. तरी पहिल्याच तपासणीत चूक झाली. गोळी चुकू नये म्हणून तिने पहाटे गाडीत बसण्याआधी त्याला सकाळची गोळी दिली. रक्त काढलं, आकडा आला एक पॉइंट चार.

"सकाळची गोळी देऊन आणलंत का?" डॉक्टरांनी विचारलं. रात्रीच्या गोळीनंतर बरोब्बर बारा तासांनी रक्त काढायचं, सकाळची गोळी त्यानंतर, असं त्यांनी पुन्हा सांगितलं. शामकलाला ते नीट कळेना. खुशाल, जो दोन महिने धड बोलला नव्हता, तो परतीच्या गाडीत बोलला.

"अवं, दुधाचा सॅम्पल कसा घेतो आपन? कॅन ढवळून, साय मोडून. ताज्या सायीवरच पळी मारली तं फॅट खोटाच लागल का नाई? तसंच हाये हे."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. दुधाची उपमा देणारा तिचा नवरा परत आला होता. तुमसर गेलं, तिरोडा आलं, तिला उतरायचं भान राहिलं नाही. खुशालनेच तिला हलवलं, "उतरायचं हाये का हावड्याले जाऊन राहिली?"

तिथून पुढची अकरा वर्षं एकाच लयीत गेली. रात्री नऊला दोन गोळ्या, सकाळी एक. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी कागदात गुंडाळून शामकलाच्या पदराच्या गाठीत. आधी नागपूरला जावं लागे, पुढे गोंदियातच रक्त घेऊन नागपूरला पाठवणारी एक लॅब निघाली. तिथल्या माणसाला सगळे भैयाजी म्हणायचे. ठीक नऊला तो सुई घेऊन तयार.

"आओ भाभीजी. गोली खिलाई तो नहीं?"

"पदराले बांधून हाये, भैयाजी."

"आप तो घड़ी से भी पक्की हो."

दुसऱ्या दिवशी फोनवर आकडा कळायचा. पॉइंट सात. पॉइंट आठ. एकदा पॉइंट सहा. गावात कोणी आधी हसलं, कोणी कुजबुजलं, मग खुशालनेच त्याची मस्करी करून टाकली आणि लोकांच्या तोंडी 'खुशालचा फॅट' बसला. रामबाई तर शेजारणींना ठणकावून सांगायची, "माह्या पोराले उपास नाई धकत. त्याले मीठ लागते." शिवरात्र असो की तीज, खुशालच्या ताटात मीठ असायचं. रिपोर्टांची एक फाईल झाली. शामकला ती देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवायची.

२०१२ च्या मे महिन्यात चैनलाल गेले. दुपारी जेवून खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. अंगणात प्रेत ठेवलं. ऊन असं की बांबू बांधणाऱ्यांच्या हाताला चटके बसत होते. आणि तिथे, बापाच्या उशाशी खुशाल बसलेला असताना, चैनलालचे चुलतभाऊ सुखराम खाकरले.

"अग्नी कोन देईल?"

"थोरला देईल ना," कोणी म्हणालं.

"थोरला हाये, पन…" सुखरामकाकांनी आवाज उतरवला, तरी ऐकू जाईल इतकाच उतरवला. "डोस्क्याचा बिमार मानूस. दहा दिवसाचं काम हाये, बापा. मधातच काही झालं तं? ओमेश्वर देऊ दे."

ओमेश्वर खाली बघत राहिला. खुशालने मान वर केली नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या शामकलाला आतून दिसल्या. बारा वर्षांपूर्वी मंडईत बापाने त्याला मंचावरून उतरवलं होतं, तेव्हा त्या अशाच लाल होत्या.

ती उठली. देव्हाऱ्यावरची फाईल काढली आणि डोक्यावरचा पदर सावरत बायकांच्या घोळक्यातून सरळ पुरुषांत जाऊन उभी राहिली.

"हा पाहा कागद, काका. फेब्रुवारीचा. पॉइंट सात. त्याच्या आंधीचा पॉइंट सात. त्याच्या आंधीचा पॉइंट आठ. अकरा वर्सं झाले, एक गोळी चुकली नाई. या गावात डोस्कं बरोबर असल्याचा कागद आनखी कोनाजवळ हाये? तुमच्याजवळ हाये?"

एक म्हातारा मिशीत हसला. सुखरामकाका म्हणाले, "बरं. देऊ दे. पन मंग रीत पुरी पाळा लागल. दहा दिस एकच वेळचं जेवन, तेही बिनमिठाचं. शिवेच्या भाईर पाय टाकाचा नाई. अर्ध्यात सोडलं तं म्हाताऱ्याले गती नाई भेटत."

मीठ. शामकलाला डॉक्टर आठवले. तिने तोंड उघडलं. पण हातात फाईल होती, आत्ताच तिने ती फडकावली होती. हा माणूस धडधाकट आहे असं जे तोंड बोललं, त्याच तोंडाने 'याला मीठ सोडवणार नाही' असं कसं म्हणायचं? तेवढ्यात खुशालचा आवाज आला.

"पाळीन, काका."

आणि त्याने तिच्याकडे बघितलं. बापाच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत तसं काही असू नये, पण होतं. लग्नानंतर पहिल्यांदा तिला नळी धरायला शिकवताना जसा तो उजळला होता, तसा. शामकलाने तोंड मिटलं.

संध्याकाळी, मुंडण करून ओल्या पांढऱ्या कापडात तो कोपऱ्यातल्या चटईवर बसलेला असताना ती जवळ गेली. "आवो, डाक्टर का म्हनले होते आठवते ना? मीठ सोडाचं नाई म्हनले."

"आठवते."

"मंग?"

"अकरा वर्सं मी बिमार आहो, शामकला. दहा दिस मले चैनलालचा पोरगा राहू दे."

ती उठली आणि तिने रात्रीच्या गोळ्या काढून ठेवल्या.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला होता. थर्मल पॉवरच्या चिमण्यांकडून येणारा वाराही भट्टीतून आल्यासारखा. खुशाल दिवसातून एकदा जेवायचा; वेगळ्या भांड्यात शिजवलेला भात आणि नुसती उकडलेली डाळ. भेटायला येणाऱ्यांची रीघ, त्यांच्यासमोर सारखं पाणी मागायला त्याला अवघड वाटे. शामकला गोळ्या मात्र डोळ्यांत तेल घालून देत होती. बाप गेल्याच्या धक्क्याने आजार उठेल, हीच तिची भीती. एक सकाळी, दोन रात्री. एकही चुकली नाही.

चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही. डाळीच्या भांड्यावर तिने चिमूटभर मीठ धरलं, इकडे तिकडे बघितलं आणि सोडून दिलं. ताट पुढे ठेवलं. खुशालने पहिला घास घेतला आणि थांबला. हातावर दुधाचा थेंब चाटून त्यात पाणी आहे की नाही सांगणारी ती जीभ. त्याने तिच्याकडे बघितलं. ताट हळूच पुढे सरकवलं, हात धुतला आणि त्या दिवशी तो उपाशी राहिला. पुन्हा तिने मिठाच्या डब्याला हात लावला नाही.

सहाव्या दिवशी तपासणीची तारीख होती. गोंदियाला जायचं म्हणजे शीव ओलांडायची. शामकलाने कॅलेंडरवरच्या लाल खुणेकडे बघितलं आणि स्वतःला समजावलं, की मागेही दोनदा आठवडाभर उशीर झाला होता, काय बिघडलं? दशक्रिया उरकली की दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने जाऊ.

सातव्या दिवशी खुशालच्या हातातला पाण्याचा गडवा खडखडला. आलेल्या पाहुणीने हळहळून म्हटलं, "पाहा ना, बापासाठी कसा झुरून राहिला पोरगा." त्याचं बोलणं जड झालं होतं, आणि लोक म्हणाले, दुःखाने वाचा बसते. आठव्या दिवशी त्याला जुलाब लागले, दोनदा उलटी झाली. रामबाई म्हणाली, "ऊन लागलं." तिने कांदा फोडून त्याच्या तळपायांना चोळला. ओमेश्वर तिरोड्याहून साखर-मिठाची पाकिटं घेऊन आला. खुशालने पाकीट डोळ्यांजवळ नेलं. अक्षरं त्याला हलताना दिसत असावीत, कारण त्याने फार वेळ लावला.

"याच्यात मीठ हाये," असं म्हणून त्याने ते परत केलं.

"दादा, औषध हाये ते. चाल, दवाखान्यात जाऊ," ओमेश्वर म्हणाला.

"परवा… परवा जाऊ. दहावा होऊ दे."

त्या रात्री नऊ वाजता शामकला गोळ्यांची पट्टी हातात घेऊन उभी राहिली. उलट्या-जुलाब झाले तर गोळी थांबवायची. डॉक्टरांचा आवाज तिला जसाच्या तसा ऐकू येत होता. पण त्या आवाजाच्या वर दुसरा एक आवाज होता, मंडईतल्या माईकवरचा. दहाव्याला सगळं गणगोत येणार. गोळी थांबवली आणि तिथे, तळ्याच्या काठावर, सुखरामकाकांसमोर, खुशाल तसा बोलायला लागला तर? त्याने जे आठ दिवस उपाशीतापाशी कमावलं, ते एका घडीत जाईल. तिने पट्टी दाबली. दोन गोळ्या काढल्या. खुशालने त्या तिच्या तळहातावरून उचलायचा प्रयत्न केला, बोटांना जमेना, म्हणून तिने आपल्या हाताने त्याच्या तोंडात घातल्या.

पुढे आयुष्यभर तिला दुसरं काही आठवलं नाही तरी चालेल, पण त्या दोन गोळ्या ती विसरू शकणार नाही.

दहाव्या दिवशी गावच्या बोडीवर, तळ्याच्या काठाला, सगळे जमले. खुशाल अनवाणी चालत गेला, पण सरळ चालला नाही. पाय रुंद टाकत, जणू बांधावरून चालतोय असा गेला. पिंड करायला बसला. भाताचा गोळा त्याच्या हातात राहीना. एक पडला, दुसरा पडला. मागे कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "पिऊन आला का हा?" शामकलाने ते ऐकलं. ओमेश्वरने खाली बसून भावाच्या हाताखाली आपला हात धरला आणि तिसरा पिंड पानावर नीट बसला. खुशालने तो बसलेला बघितला. मान वळवून शामकलाला काही सांगायचा प्रयत्न केला. ओठ हलले, शब्द झाला नाही. मग तो तसाच कुशीवर, ओल्या मातीत, कलंडला.

नागपूरला पोचेपर्यंत त्याला शुद्ध नव्हती. रक्ताचा आकडा आला, दोन पॉइंट नऊ.

तेच डॉक्टर होते, आता केस सगळे पांढरे. त्यांनी शामकलाला विचारलं, "मीठ बंद होतं?"

"हो."

"किती दिवस?"

"दहा."

डॉक्टरांनी केसपेपरवर फक्त 'दहा दिवस' असं लिहिलं. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

यंत्रावर दोनदा रक्त शुद्ध केलं. आकडा उतरत गेला. दोन, एक पॉइंट एक, पॉइंट चार. शामकला जन्मभर त्या आकड्याच्या मागे होती, तिला वाटलं, आकडा उतरला म्हणजे माणूस परत आला. पाचव्या दिवशी खुशालने डोळे उघडले, तिला ओळखलं, प्रेरणाचं नाव घेतलं. पण ते नाव तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं, दारू प्यायलेल्या माणसासारखं. हात उचलला तर तो हवेत डुचमळत राहिला. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं, की औषध रक्तातून गेलंय, पण जाताना मेंदूच्या मागच्या भागाला जाळून गेलंय. तोल, बोलणं, हात तिथूनच चालतात. सहा महिने वाट पाहू. तोवर जे येईल ते आपलं.

सहा महिने तिने रोज त्याच्या हातात पाण्याने भरलेली नळी दिली. रोज ती सांडली. एका सकाळी त्याने ती स्वतःच तिच्याकडे परत सरकवली, सुतकाच्या चौथ्या दिवशी ताट सरकवलं होतं तशी.

आता गोळी दुसरी आहे. तिच्यासाठी रक्त तपासावं लागत नाही. एकदा गोंदियाहून भैयाजीचा फोन आला. "भाभीजी, बहुत दिन हुए, आप लोग आए नहीं?"

"आता लागत नाई, भैयाजी."

"अरे वा! ठीक हो गए भैया?"

तिने फोन ठेवला.

सुखरामकाका आधी बरेच दिवस फिरकले नाहीत. मग एका दुपारी आले, ओसरीच्या कडेला बसले आणि पंच्याने तोंड झाकून रडले. "बाई, मीच रीत सांगतली वं. मीच सांगतली."

शामकलाने त्यांना पाणी दिलं. त्यांच्यावर राग काढता येईल असं तिला वाटलं होतं, पण तो निघाला नाही. "तुमी तं त्याईले अग्नी देऊ देऊच नोका म्हनत होते, काका," ती म्हणाली. "तुमचं आयकलं असतं तं त्याईचे हात आज जागेवर असते."

काकांनी पाणी घेतलं नाही. गडवा तसाच ओसरीवर राहिला.

केंद्र शामकला चालवते. कोर्स केलेला नसला तरी चौदा वर्षं ती त्या हातांकडे बघत आली होती. पहिल्या महिन्यात तिच्या हातून दोन नळ्या फुटल्या, मनगटावर तेजाबाचा डाग आहे. खुशाल बाजूच्या स्टुलावर बसतो. घरी ती त्याला भरवते, आणि भरवण्याआधी प्रत्येक गोष्ट स्वतः चाखून बघते, मीठ आहे ना.

त्या हिवाळ्यात असंच एकदा जेवण चाललं होतं. प्रेरणा आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. खुशाल तोंडातला घास संपवून म्हणाला, "त्या… दिशी…"

"कोन्त्या?"

"चौथ्या. तू… मीठ टाकलं… होतं."

तिचा हात थांबला. इतक्या महिन्यांत दोघांपैकी कोणी त्या दिवसाचा विषय काढला नव्हता.

"मले… समजलंच नाई… अशी…" त्याला दम लागला. तिने वाट बघितली. आता तिला वाट बघता येते. "अशी बतावनी… कराले… पायजे होती."

शामकलाने भाताचा घास पुन्हा नीट कालवला. "तुमाले कायची बतावनी येते," ती म्हणाली. "दुधात वाटीभर पानी असलं तं अख्ख्या रांगेसमोर सांगता."

खुशाल हसला. त्याचं हसूही आता उशिरा येतं, आणि आलं की लवकर थांबत नाही. घास हनुवटीवरून ओघळला. तिने पदराने तो पुसला आणि ताट घेऊन मोरीवर गेली. भांडी दोनच होती. ती बराच वेळ घासत राहिली.

सकाळी केंद्रावर रांग असते. 'तुझा फॅट किती' असं आता कोणी विचारत नाही. नळी यंत्रातून फिरून निघाली, की शामकला ती खुशालच्या डोळ्यांसमोर धरते. आकडा तिलाही वाचता येतो. पण डोळे त्याचे शाबूत आहेत, आणि हे एक काम त्याचं आहे. नळी हलली तर त्याला दिसणार नाही, म्हणून ती श्वास रोखून उभी राहते.

"सहा…" खुशाल म्हणतो. रांग थांबलेली असते. "पॉइंट…"

कोणी खोकत नाही. कोणाच्याही कॅनचं झाकण वाजत नाही.

"सात."